ट्रॅव्हल बेसबॉल ते प्रो बेसबॉल: अमेरिकेतल्या नवख्या आईबाबांसाठी वाटाड्या

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या हातात बेसबॉलचा ग्लव्ह येतो तो बहुतेकदा शाळेतल्या मित्रामुळे. आईबाबांना क्रिकेट ठाऊक असतं, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं मजेत जातात. मग एखाद्या शनिवारी कुंपणापाशी उभा असलेला दुसऱ्या मुलाचा बाबा सहज विचारतो, "तुमचा अजून ट्रॅव्हल खेळत नाही?" आणि घरी आल्यावर गूगल सुरू होतं. दहा वर्षांखालच्यांचे 'एलिट' संघ, खासगी पिचिंग कोच, शोकेस (कोच आणि स्काउटांना खेळ दाखवायचे मेळावे), पाचशे डॉलरची बॅट. मुलगा मागे पडतोय अशी भीती घालणारा हा सगळा बाजार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कुठल्या नजरेने लिहिलंय ते कळेल. तेरा-चौदा वर्षांपर्यंत हात सांभाळा, पैसा पंधराव्या वर्षानंतर काढा. बाजार याच्या बरोबर उलटं सांगतो. दहा वर्षांच्या मुलाच्या ट्रॉफ्या कुठल्याही कॉलेजचा कोच बघत नाही आणि प्रो क्लबचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, तर नाहीच नाही.

पायरी १: आधी गावातली लीग

सुरुवात लिटल लीग, कॅल रिपकेन किंवा पोनी यांपैकी तुमच्या भागात जी असेल तिथून करा. लिटल लीग १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली आणि तिची जागतिक स्पर्धा आजही दर ऑगस्टमध्ये शेजारच्या साउथ विल्यम्सपोर्टला भरते. मुलगा तुमच्या पत्त्याप्रमाणे किंवा शाळेप्रमाणे ठरलेल्या लीगमध्ये खेळतो, बाकीच्या पालकांतलेच कोणी कोच असतात आणि फी परवडणारी असते. याला लोक 'रेक' म्हणतात. रेक म्हणजे हलकं, असं कोणी सुचवलं तर मनावर घेऊ नका.

मुलीही खेळतात. लिटल लीगने १९७४ पासून मुलींना प्रवेश दिला आणि २०१४ च्या जागतिक स्पर्धेत मोने डेव्हिस या मुलीने समोरच्या संघाला एकही रन काढू न देता सामना जिंकून दिला होता. पुढे बहुतेक मुली सॉफ्टबॉलकडे वळतात. त्याचा ट्रॅव्हल आणि कॉलेजचा रस्ता वेगळा आहे, तो या लेखात घेतलेला नाही.

घरी क्रिकेट असल्याचा फायदा होतो. उंच उडालेल्या चेंडूखाली जाणं, तो येतोय कुठे याचा अंदाज, हे आपल्या मुलांना लवकर जमतं. बॅटिंग मात्र कोचलाच शिकवू द्या. पुढचं कोपर वर ठेवून सरळ बॅटने खेळायची आपली सवय इथे आड येते. बाबांनी गाडीत बसून बॅटिंगचे धडे देऊ नयेत, एवढं पथ्य पाळलं तरी खूप.

पायरी २: ट्रॅव्हलमध्ये कधी आणि कुठल्या संघात

ट्रॅव्हलचे संघ खासगी असतात. ते ट्रायआउट घेऊन मुलं निवडतात आणि शनिवार-रविवार टुर्नामेंट खेळतात. शनिवारी गटातले सामने, रविवारी बाद फेरी. म्हणजे संघ जितका चांगला, तितका रविवार लांबतो आणि रविवारची मराठी शाळा तितकीच बुडते. हे नवरा-बायकोने आधीच बोलून घ्या. कोणाची तरी शाळेत हजेरीची जबाबदारी असते.

खेळाच्या दृष्टीने ट्रॅव्हलमध्ये खरे फरक आहेत. लिटल लीगच्या बारा वर्षांखालच्या मैदानात बेसमधलं (धावताना गाठायच्या टप्प्यांमधलं) अंतर ६० फूट आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ४६ फुटांवर असतो. चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. ट्रॅव्हलमध्ये नऊ-दहा वर्षांपासूनच रनर बेस सोडून पुढे उभा राहू शकतो. अकरा-बाराला मैदान मोठं होतं, पिचर ५० फुटांवर, बेस ७० फुटांवर, आणि चौदापर्यंत मोठ्यांचं: पिचर ६० फूट ६ इंचांवर, बेस ९० फुटांवर. या शेवटच्या उडीत पुष्कळ मुलं गळतात. अकराव्या वर्षी कुंपणापार मारणारा मुलगा तेराव्या वर्षी आउटफिल्डपर्यंत पोचत नाही, आणि जो बारका म्हणून बाकावर बसायचा तो दोन वर्षांत सहा इंच वाढून परत येतो. म्हणूनच लहानपणीच्या निवडीवर फार भार टाकू नये.

ट्रायआउट साधारण जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, पुढच्या वर्षासाठी होतात. तुमचा मुलगा कोणत्या वयोगटात बसतो ते जन्मतारखेवरून ठरतं. ट्रॅव्हलमध्ये बऱ्याच ठिकाणी ३० एप्रिलला किती वय आहे ते धरतात, लिटल लीगमध्ये ३१ ऑगस्टचं. दोन्हीकडे खेळणार असाल तर नियम वाचून घ्या.

संघ बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या ट्रॉफ्या सोडा, हे विचारा:

- आठवड्याला सराव किती आणि सामने किती? सामने जास्त आणि सराव एकच असेल तर मुलगा शिकतोय कमी, प्रवास करतोय जास्त.
- रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, किती मुलं? बाराच्या आसपास ठीक. पंधरा असतील तर तुम्ही बाकाचे पैसे भरताय.
- मोठ्या टुर्नामेंटला बाहेरून पाहुणे खेळाडू आणता का? आणले तर कोण बसतं?
- हेड कोचचा मुलगा संघात आहे का? असला म्हणून वाईट नाही, पण तो पिच करतो, शॉर्टस्टॉप खेळतो आणि तिसऱ्या क्रमांकावर बॅटिंगही करतो का, ते एक सामना बघून कळतं. इथे याला 'डॅडी बॉल' असं नावच आहे.
- पिचरचे चेंडू कोण मोजतं? या प्रश्नावर कोच गडबडला तर तिथूनच परत फिरा.

पायरी ३: पैसा आणि सामान

मोसमाची फी हजार-दोन हजार डॉलरपासून सुरू होऊन चार-पाच हजारांपर्यंत सहज जाते. ती भरली म्हणजे झालं असं मात्र नाही. हॉटेल, पेट्रोल, मैदानाच्या फाटकावरचं तिकीट, हिवाळ्यातला इनडोअर केज (सरावाचा जाळीचा पिंजरा), खासगी कोचिंग हे सगळं वेगळं. कित्येक टुर्नामेंट त्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायची सक्ती करतात, 'स्टे टू प्ले' म्हणतात त्याला. पॉइंटांवर दुसरीकडे स्वस्तात राहू हा आपला हिशोब तिथे चालत नाही.

बॅट घेण्याआधी शिक्का बघा. लिटल लीगला 'यूएसए बेसबॉल' असा शिक्का लागतो, हा नियम २०१८ पासून आहे. ट्रॅव्हलमध्ये बहुधा 'यूएसएसएसए १.१५' लिहिलेली चालते, तिच्यावरून चेंडू जास्त जोरात सुटतो. हायस्कूलला 'बीबीकॉर' लागते, आणि तिचं औंसांतलं वजन इंचांतल्या लांबीपेक्षा तीनाहून अधिक कमी असून चालत नाही: ३२ इंची बॅट किमान २९ औंसांची. एका लीगची बॅट दुसरीत चालेलच असं नाही, आणि मुलगा वर्षभरात मोठा होतो. जुनी विकत घ्या. संघातल्या मोठ्या मुलांच्या गॅरेजमध्ये ढीग पडलेला असतो.

कूलर मात्र चांगला घ्या. दिवसाला तीन सामने, जॉर्जियाचं किंवा टेक्ससचं ऊन आणि स्टॉलवर नाचोज आणि हॉटडॉग. शाकाहारी मुलाचे तिथे हाल होतात. पोळीचे रोल, उकडलेले बटाटे, दही-भात, केळी, मीठ-साखर-लिंबाचं पाणी हे आपल्या घरचं या कामाला अगदी योग्य आहे. सुरुवातीला मुलगा लाजतो, मग संघातली निम्मी मुलं तुमच्या कूलरभोवती असतात.

एक टुर्नामेंट मी पैशाचा विचार बाजूला ठेवून सुचवेन: न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनची बारा वर्षांखालची, आठवडाभराची. मुलं एकत्र बराकीत राहतात, देशभरातल्या संघांशी पिना बदलतात, जवळच बेसबॉलच्या दिग्गजांचं हॉल ऑफ फेम आहे. तिथे स्काउट वगैरे कोणी येत नाही. मजा म्हणून जा.

पायरी ४: खांदा आणि कोपर

ही पायरी नीट वाचा. इथे मुलं खरोखर कायमची बाद होतात.

मेजर लीग (देशातली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (राष्ट्रीय संघटना) यांनी २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक मर्यादा आखून दिली. दिवसाला जास्तीत जास्त चेंडू असे: ७-८ वर्षं ५०, ९-१० वर्षं ७५, ११-१२ वर्षं ८५, १३ ते १६ वर्षं ९५, १७-१८ वर्षं १०५. चौदापर्यंतच्या मुलांची विश्रांती अशी: २० चेंडूंपर्यंत सुटीची गरज नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ पासून पुढे चार दिवस. वर्षातून चार महिने जोराने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. पिच केलेल्या दिवशी कॅचर म्हणून (बॅटरमागे चेंडू झेलायला) बसायचं नाही, कारण कॅचरही तितकेच चेंडू फेकतो.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात काही टुर्नामेंट चेंडू मोजतच नाहीत, इनिंग (तीन आउटची एक पाळी) मोजतात, आणि एका इनिंगमध्ये आठ चेंडू लागतात तसे पस्तीसही लागतात. त्यात मुलगा मंगळवारी रेकमध्ये पिच करतो, गुरुवारी शाळेत, शनिवारी ट्रॅव्हलमध्ये. प्रत्येक कोचला फक्त आपला सामना दिसतो. बेरीज कोणाकडेच नसते. ती तुमच्याकडे असली पाहिजे. फोनमध्ये तारीख आणि आकडा लिहा आणि रविवारी दुपारी कोच "एकच इनिंग" म्हणाला तर आकडा दाखवून नाही म्हणा. आपल्याला सरांना नाही म्हणायची सवय नसते. इथे ती लावून घ्यावी लागते.

अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने ९ ते १४ वयाच्या पिचरांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. वर्षाला १०० हून जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला. २०११ साली हे प्रसिद्ध झालं, तरी वर्षाचे बारा महिने खेळवणारे संघ कमी झालेले नाहीत.

कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला की जी शस्त्रक्रिया करतात तिला टॉमी जॉन म्हणतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती या नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली. परत पिच करायला वर्ष-दीड वर्ष जातं. "ऑपरेशननंतर वेग वाढतो" असं मैदानावर ऐकाल. वाढतो तो वर्षभर केलेल्या व्यायामाने. मुलगा कोपर दुखतं म्हणाला तर बर्फ लावून परत पाठवू नका, खेळाडूंच्या डॉक्टरकडे न्या.

एक सोय आपसूक होते. भारतात जायचंच असेल तर डिसेंबरमध्ये जा. उन्हाळ्यात गेलात तर मोसम बुडतो, हिवाळ्यात गेलात तर हाताला सुटी मिळते आणि आजी-आजोबाही भेटतात. आणि चौदा-पंधरापर्यंत दुसराही एखादा खेळ असू द्या: बास्केटबॉल, पोहणं, काहीही.

पायरी ५: हायस्कूल, आकडे आणि शोकेस

नववीपासून चित्र बदलतं. वसंतात शाळेचा संघ, उन्हाळ्यात ट्रॅव्हल, आणि कॉलेजचे कोच मुख्यतः उन्हाळ्यातच बघतात. पैसा खर्च करायचा तो आता.

बघतात काय? पिचरचा वेग रडार गनवर. फिल्डरची ६० यार्डांची धाव: सात सेकंदांच्या आत आली तर ठीक, ६.७ ला भुवया उंचावतात. कॅचरचा 'पॉप टाइम', म्हणजे चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. मेजर लीगमध्ये तो सरासरी दोन सेकंदांच्या आसपास आहे. बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग. डिव्हिजन एकच्या (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीच्या) मोठ्या कॉलेजला उजव्या हाताच्या पिचरकडून ताशी ९० मैलांच्या जवळपास हवं असतं. मेजर लीगची फास्टबॉलची सरासरी ९४ च्या वर गेली आहे.

हे आकडे घरी, स्टॉपवॉच घेऊन, आधी मोजा. आकडे नसताना शोकेसला जाणं म्हणजे पैसे देऊन आपली कमतरता संकेतस्थळावर कायमची नोंदवून येणं. परफेक्ट गेम आणि प्रेप बेसबॉल यांच्या शोकेस सगळ्यांत जास्त पाहिल्या जातात. ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या ज्युपिटरला होणाऱ्या स्पर्धेत तर स्काउट गोल्फ कार्टमधून मैदानं फिरत असतात. पण मुलगा त्या पातळीचा नसेल तर त्याच पैशात त्याला आवडणाऱ्या, अभ्यासात झेपणाऱ्या दोन कॉलेजांच्या स्वतःच्या कॅम्पला पाठवा. तिथे बघणारा माणूस निर्णय घेणारा असतो.

"तुमच्या मुलाची खास निवड झाली आहे" अशी ईमेल येईल. शेवटी पैसे भरायची लिंक असेल तर ती जाहिरात समजा. एरिया कोड गेम्स किंवा यूएसए बेसबॉलचे उच्च पातळीचे कार्यक्रम असतात तिथे आमंत्रण खरंच आमंत्रण असतं. ऐपत कमी असेल तर मेजर लीगच्या यूथ अकॅडमी आणि १९८९ पासून चालू असलेला 'आरबीआय' कार्यक्रम आहे, चौकशी करा.

पायरी ६: कॉलेज

डिव्हिजन एकचे कोच मुलाशी थेट निवडीबद्दल बोलू शकतात ते अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी कोच गप्प आहे म्हणून घाबरू नका, नियमच तसा आहे. मुलाने स्वतः ईमेल लिहायचा: वर्ष, पोझिशन, आकडे, गुण, दोन मिनिटांचा व्हिडिओ, पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक. बाबांनी लिहिलेला ईमेल लगेच ओळखू येतो.

फुल स्कॉलरशिपचं स्वप्न जपून पाहा. डिव्हिजन एकच्या संघाला वर्षानुवर्षं मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या आणि त्या तीस-पस्तीस मुलांच्या संघात तुकड्यांनी वाटल्या जायच्या. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मर्यादा गेली आणि त्यात सामील झालेल्या कॉलेजांना रोस्टरवर ३४ ची मर्यादा आली. पैसे वाढू शकतात, जागा मात्र आटल्या. त्यात दुसऱ्या कॉलेजातून बदली घेणारी बावीस वर्षांची तयार मुलं स्पर्धेला आहेत. डिव्हिजन तीनला खेळाची स्कॉलरशिप नसतेच, पण तिथली काही कॉलेजं अभ्यासासाठी नावाजलेली आहेत आणि गुणांवर मदत देतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांना खरं तर हाच रस्ता सर्वांत सोयीचा पडतो.

दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, ज्याला 'जुको' म्हणतात, त्याला मराठी घरात नाकं मुरडली जातात. बेसबॉलमध्ये ते उलट आहे. पुढे मेजर लीग गाजवलेला अल्बर्ट पुहोल्स जुकोतूनच १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीगचे क्लब दरवर्षी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्यात) तेराव्या फेरीत निवडला गेला. ब्राइस हार्पर हायस्कूल लवकर आटोपून जुकोत गेला आणि २०१० मध्ये देशात पहिला उचलला गेला.

डिव्हिजन एकसाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. तोंडी 'कमिटमेंट' कोणालाच बांधील नसते, हेही लक्षात असू द्या.

पायरी ७: ड्राफ्ट

हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणारी मुलं पावणेपाच लाखांच्या घरात. जुलैतल्या ड्राफ्टमध्ये २० फेऱ्यांत नावं पुकारली जातात सहाशेच्या थोडी वर, तीही कॉलेजची मुलं धरून. २०१९ पर्यंत ४० फेऱ्या होत्या. १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत निवडलेला माइक पियाझा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. ती बासष्टावी फेरी आता अस्तित्वातच नाही.

बारावी झाली की पहिली संधी. चार वर्षांच्या कॉलेजात गेलात की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. जुकोतून मात्र दरवर्षी.

भारतीय आईबाबांच्या मुलांनी दोन्ही वाटा चालून दाखवल्या आहेत. भारतातून आलेल्या दांपत्याचा मुलगा अर्जुन निम्मला २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या हायस्कूलमधून, सतराव्या वर्षी, टोरँटो ब्लू जेजने पहिल्या फेरीत विसावा उचलला. आई भारतीय वंशाची असलेला कुमार रॉकर २०१८ मध्ये अडतिसाव्या फेरीत निवडला गेला, तो नाकारून व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने दहावा निवडला, पण वैद्यकीय तपासणीनंतर करार झाला नाही. २०२२ मध्ये टेक्सस रेंजर्सने तिसरा घेतला, पुढच्याच वर्षी टॉमी जॉन झाली आणि मेजर लीगमध्ये तो पहिला सामना खेळला सप्टेंबर २०२४ मध्ये. अव्वल पिचरचा रस्ताही इतका वेडावाकडा असतो.

व्हिसाचं काय? अमेरिकेतल्या हायस्कूल-कॉलेजात शिकणारा मुलगा नागरिक नसला तरी ड्राफ्टमध्ये येतो. मात्र एच-४ वर (एच-१ वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) पगार घेता येत नाही, क्लबला पी-१ हा खेळाडूंचा व्हिसा काढावा लागतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाने कॉलेजात नाव-छबी वापरण्याचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारायलाच हवं.

ड्राफ्टच्या आधी क्लब विचारतात, "किती पैशांत सही कराल?" हा आकडा घरात आधी ठरलेला हवा. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकासाठी ठरलेली रक्कम १ कोटी १० लाख डॉलरच्या पुढे होती. अकराव्या फेरीपासून पुढे दीड लाखापर्यंतचा बोनस क्लबच्या ठरलेल्या कोट्यात मोजला जात नाही, म्हणून तिथे बरेच आकडे दीड लाखाला येऊन थांबतात. कर गेल्यावर उरेल त्याची तुलना कॉलेजच्या चार वर्षांशी करा.

पायरी ८: सही केल्यावर

प्रो म्हणजे लगेच मेजर लीग नव्हे. रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या, वर प्रत्येक क्लबचा २६ जणांचा संघ. २०२३ च्या करारानुसार किमान वार्षिक पगार रूकीत १९,८०० डॉलर, डबल-ए ला ३०,२५०, ट्रिपल-ए ला ३५,८०० असा ठरला होता. राहण्याची सोय आता क्लब करतो. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार होता. मधल्या पायऱ्यांवर बहुतेकांचं खेळणं संपतं, तेव्हा वय चोवीस-पंचवीस असतं.

म्हणून हायस्कूलमधून सही करणार असाल तर करारात कॉलेजचा खर्च लिहून घ्या. क्लब तो देतात, पण मागावा लागतो. किती सेमिस्टर, दर सेमिस्टरला किती डॉलर, राहण्या-जेवणाचा त्यात समावेश आहे की नाही, हे आकड्यांत हवं. खेळ सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं नाही तर हा हक्क जातो, ती तारीख आईबाबांनी आपल्याकडेही लिहून ठेवावी.